चौकट क्रमांक एकवीस

चांदोलीच्या नाक्यावर रजिस्टरात लिहिलं :
माणसं तीन, जीप एक, कारण आमरींची मोजणी.
गार्डने विचारलं, आमरी म्हणजे?
माझ्याआधी धाकलू झोरेच बोलला,
"बांडगुळं ओ. बाई बांडगुळं मोजत्यात."

वाटेत मी त्याला समजावत राहिले.
बांडगूळ झाडाचा रस पितं, ही पीत नाही.
ही नुसती बसते.
मुळं हवेत सोडून धुकं चाटते,
सालीच्या भेगेतला कुजका पाला पुरवून पुरवून खाते,
झाडाकडून घेते ती फक्त उंची.
"म्हंजे भाडेकरू."
भाडंही देत नाही रे.
"मग पावणी."
वहीत हे लिहिलं नाही,
पण दुपारपासून आम्ही तिघंही पावणीच म्हणत होतो.

दहा मीटर बाय दहा मीटर,
चार खुंट्या, पिवळी नायलॉनची दोरी.
दोरीच्या आत आहे ते आहे.
दोरीबाहेर हातभरावर
फुलांनी फांदी वाकली असली, तरी नाही.
हा नियम धाकलूला शेवटपर्यंत पटला नाही.
"ती बगा की. तुमच्याकडंच बगतीया."

वैशाख होता. कारवी वाळून कडकडत होती.
मान मागे टाकून दुर्बिणीतून
अंजनी, पिसा, जांभूळ, हिरडा,
मग परत अंजनी.
रात्री मान पुढे वळेना;
तुषार म्हणाला, मॅडम, जेवतानाही छताकडे बघताय.
सहाव्या दिवसापर्यंत चौदा जाती,
आणि पंधरावी, जिच्यावरून आमचं भांडण झालं,
कारण तिला नुसती पानं होती
आणि पानांवरून नाव सांगणं
म्हणजे पाठमोऱ्या माणसाला हाक मारणं.

एकविसाव्या चौकटीचा ठिपका
संगणकाने टाकला होता, आम्ही नाही.
तिथे जोत्याचे दगड निघाले.
एक उखळ, त्यात पाणी, पाण्यात बेडकाचं पिल्लू.
आणि फणस.
धाकलूने चपला काढल्या. मी विचारलं नाही.

फणसावर सीतेची वेणी, अकरा घोस.
"आत्तीनं लगनात हीच माळली व्हती."
कुठल्या साली?
"धरणाच्या आदी."
मग तुम्ही गेलात कुठे?
"खाली. उसात नेऊन बसवलं."
मी पेन्सिल घेतली. घेर एकशे ब्याऐंशी. दिशा नैर्ऋत्य.
आणखी काय विचारायचं असतं, ते मला शिकवलेलं नव्हतं.

बारावी खाली पडली होती.
गव्याने की वाऱ्याने, फांदी मोडलेली,
हिची मुळं अजून तिला धरून.
धाकलूने डोक्याचा टॉवेल दातांनी फाडला,
फणसाच्या बेचक्यात तिला ठेवून
दोन वेढे, एक गाठ. वासराला बांधतात तशी, सैल.
तुषारने माझ्याकडे पाहिलं.
फॉर्मवर दोनच खुणा आहेत, नैसर्गिक आणि लावलेली.
दोन्ही मोकळ्या सोडून
शेऱ्यात लिहिलं : पुढल्या वैशाखात बघणे.

पुढल्या वैशाखात गेले.
धाकलू नव्हता, साखरवाडीला त्याच्या लेकीचं बाळंतपण होतं.
फणसावर घोस नऊच.
बेचक्यात ती होती. फूल नव्हतं,
पण पान नवं, टोकाला जांभळट, बोटभर.
शिडी लावून वर गेले, मुळं तपासली.
सालीला एकानेही हात लावलेला नव्हता.
सगळी टॉवेलात शिरलेली,
धाग्याधाग्यातून आत बाहेर,
कुठे सूत संपतं, कुठे मूळ सुरू होतं, कळेना.

आश्रयवृक्षाच्या रकान्यात मी "फणस" लिहिलं,
खोडलं.
खाली तुषार विचारत होता, मॅडम, काय टाकू?
टाक, म्हटलं :
टॉवेल. पांढरा. काठ तांबडा.